लोहारशाळेचा सरंजाम

महाराष्ट्राच्या जुन्या गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी थोरल्या ओळीत बसणारा, म्हणजे खळ्यावरच्या राशीतून ज्याचा वाटा आधी आणि अधिक निघावयाचा असा जो लोहार, त्याला वर्षाकाठी मिळणारे धान्य हे नेमके कशाचे मोल होते, हा प्रश्न वरवर सोपा वाटला तरी त्याच्या उत्तरात या व्यवसायाचा बराचसा इतिहास साठलेला आहे. नवी कुऱ्हाड, नवा फाळ किंवा गाडीच्या चाकाची नवी धाव करवून घ्यावयाची असेल तर कुणब्याने लोखंड आपले आणावे, कोळसा आपला आणावा आणि मजुरी निराळी द्यावी, असा सर्वसाधारण परिपाठ होता; बलुते होते ते मुख्यतः जुन्याच्या दुरुस्तीचे. फाळाचे टोक झिजले ते ओढून लांबवणे, कुळवाची पास बोथटली ती शेवटून देणे, विळ्याला दाते पाडणे, खुरप्याची मान वाकली ती सरळ करणे, मोटेची कडी तुटली ती सांधणे, ही कामे वेळीअवेळी आणि प्रत्येक वेळचा हिशेब न मांडता करावयाची आणि सुगीच्या दिवसांत त्याचे धान्य न्यावयाचे. या व्यवस्थेत जातीची बंधने होती, दोहीकडून कुचराई होती, आणि हक्काच्या पेंढीवरून भांडणेही होत; १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’त त्र्यंबक नारायण आत्रे यांनी बलुतेपद्धतीचे दोष कठोरपणे मांडले आहेत, आणि ते मान्य केल्यावाचून तिच्याविषयी काही चांगले लिहिण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही. परंतु एवढे मात्र म्हटले पाहिजे की, आपल्या अवजारांच्या निगराणीसाठी पिकाचा एक अंश वंशपरंपरेने राखून ठेवणारा समाज अवजार हे टाकण्याची वस्तू मानीत नव्हता.

या लोहाराचा स्वतःचा सरंजाम पाहू गेल्यास तो एका बैलगाडीत सहज मावेल एवढाच असे. ऐरण, घण, दोनतीन हातोडे, निरनिराळ्या जबड्यांच्या सांडशा, छिन्न्या, भोक पाडण्याचे सुंबे, कानशी आणि भाता, एवढ्यावर त्याचा संसार चाले. खेड्यातली ऐरण म्हणजे पुढे आलेल्या विलायती ऐरणीसारखी शिंगाची नव्हे. ती बहुधा भरीव चौरस ठोकळ्याची, खालचा निमुळता भाग बाभळीच्या ओंडक्यात ठोकलेला आणि तो ओंडका जमिनीत पुरलेला, अशी असे, कारण आपल्याकडचा लोहार बसून काम करणारा होता आणि त्याची भट्टी, भाता, पाण्याचे भांडे व ऐरण ही सारी बसल्या हाताच्या टापूत असावी लागत. भात्याचे कातडे हा या सरंजामातला सर्वांत नाजूक भाग. उन्हाने ते कडक होई, घडीवर चिरे, उंदीर ते कुरतडीत, म्हणून त्याला वरचेवर तेल चोळून मऊ राखावे लागे आणि फाटल्या जागी ठिगळ लावावे लागे. गावची अवजारे दुरुस्त करणाऱ्या माणसाला प्रथम आपल्या भात्याची दुरुस्ती यावी लागे. कोळसा लोणाऱ्याकडून यावयाचा. बाभूळ, खैर यांसारख्या जड लाकडाचा कोळसा टिकाऊ आच देतो, म्हणून त्याला मागणी असे.

जेथे गावात वतनदार लोहार नव्हता तेथे घिसाडी येत. गाव ओलांडून गाव करणारी ही कुटुंबे वेशीबाहेर पाल ठोकीत, जमिनीतच लहानशी भट्टी करीत आणि ऐरण रोवून कामाला लागत. पुरुषाने सांडशीत धरलेले तापलेले लोखंड फिरवावे आणि बाईने उभे राहून त्यावर घण घालावा, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाजारगावाला नवे नाही. घणाचा प्रत्येक घाव कोठे पडावा हे पुरुष हातोडीच्या टिचकीने दाखवतो आणि घण नेमका तेथेच पडतो. या कामात बळाइतकाच नेमकेपणा लागतो, आणि स्त्रीच्या या कसबाची दखल आपल्या इतिहासलेखनाने फारच थोडी घेतली आहे.

लोखंड मुळात येई कोठून, हा विचार केला म्हणजे इतिहास फार मागे जातो. नागपूरजवळच्या नायकुंड येथे शांताराम भालचंद्र देव आणि अरविंद जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात केलेल्या उत्खननात लोह गाळण्याची भट्टी सापडली. वक्र विटांची ही भट्टी आणि तिच्यात वारा घालण्याच्या मातीच्या नळ्या यांवरून, विदर्भातले महापाषाणयुगीन लोक सुमारे अडीच हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी आपले लोखंड आपणच गाळीत होते, हे निश्चित झाले. पुढच्या काळात सह्याद्रीच्या माथ्यावर, विशेषतः महाबळेश्वराच्या परिसरात, जांभ्या दगडातले लोहयुक्त खडे वेचून ते कोळशाच्या भट्टीत गाळण्याचा धंदा धावड लोक करीत असत. या धंद्याला अमाप कोळसा लागे, आणि एकोणिसाव्या शतकात सरकारने जंगले राखीव करण्यास प्रारंभ केल्यावर तो मिळेनासा झाला. त्यातच मुंबई बंदरात उतरणाऱ्या विलायती पट्ट्या आणि सळया घाटमाथ्यावरच्या लोखंडापेक्षा स्वस्त पडू लागल्या. धावडांच्या भट्ट्या विझल्या त्या अशा दुहेरी माराने. गावच्या लोहाराने मात्र बाजारातून आणलेली ती विलायती पट्टी जुन्याच ऐरणीवर घडवण्यास सुरुवात केली, आणि त्यामुळे त्याचा धंदा धावडांच्या धंद्यापेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकला.

राजसत्तेला या कारागिराची गरज किती होती, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रावरून कळते. गडाची आकृती पाहून तेथे वैद्य, सुतार, पाथरवट यांच्याबरोबर लोहाराच्याही एकदोन असामी कायम ठेवाव्यात, असे ते बजावतात. कारण वेढा पडल्यावर दरवाजाचा अडसर किंवा तोफेच्या गाड्याची कडी मोडली तर ती खालच्या गावातून आणून बसवता येत नाही. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदाराला तयारीसाठी जी आगाऊ रक्कम मिळे तिला नालबंदी म्हणत. घोड्याचा नाल हा फौजेच्या खर्चाच्या अग्रभागी बसला होता, यातच पुष्कळ काही आले. उलट बाजूस, सरकार याच कारागिरांवर मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरचा करही बसवीत असे. १८४४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील मोहतर्फा आणि बलुत्यांवरच्या पट्ट्या रद्द झाल्या, म्हणजे ऐरणीवरचा सरकारी हक्क उठला; पण त्यानंतर दहा वर्षांच्या आतच तिच्यापुढे आगगाडी उभी राहिली.

आगगाडीकडे वळण्यापूर्वी गाडीच्या चाकाला धाव चढवण्याच्या कामापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण गावच्या लोहाराच्या विद्येची खरी परीक्षा तेथे होत असे. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे साडेबारा फूट भरतो. लोहार दोरीने हा घेर मोजी आणि धावेची पट्टी त्याहून थोडी आखूड ठेवून तिची टोके भट्टीत पांढऱ्या आचेवर एकजीव करी. किती आखूड, हे पुस्तकात नव्हते. लाकूड किती वाळले आहे, आरे तुंब्यात किती घट्ट बसले आहेत, सांधे किती उघडे आहेत, हे चाक हाताने हलवून पाहिल्यावर त्याला समजे. मग सकाळी मोकळ्या जागी धाव आडवी ठेवून तिच्याभोवती शेणी रचून पेटवावयाच्या. लाल तापलेले लोखंड लांबीत सुमारे शंभरास एक भाग वाढते, म्हणजे एवढ्या धावेत दीड इंचाची सैल मिळते. ती सैल आहे तोवरच तिघाचौघांनी लांब सांडशांनी धाव उचलून चाकावर टाकावयाची, घणाने चहूबाजूंनी सारखी बसवावयाची आणि लाकूड पेट घेते न घेते तोच घागरींनी पाणी ओतावयाचे. लोखंड आकसते, आरे करकरत तुंब्यात रुततात, आणि सुताराने जोडलेले लाकडाचे तुकडे एकजीव होतात. धाव फार आखूड झाली तर आरे वाकून चाक पेल्यासारखे होई. फार सैल राहिली तर पहिल्याच उन्हाळ्यात रस्त्यावर निसटे. लाकडाच्या गाडीला हजारो कोस चालवणारे हे गणित अक्षरओळख नसलेल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या अचूक केले.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली आणि तिच्यामागोमाग भायखळा व परळ येथे रेल्वेचे कारखाने उभे राहिले. जेम्स नॅस्मिथने १८४२ साली ज्याचे पेटंट घेतले तो वाफेचा घण, शिंगाच्या विलायती ऐरणी, उभ्याने काम करण्याच्या उंच भट्ट्या, पायाचे वाईस, हाताने फिरवावयाचे पंखे, हा जड सरंजाम येथल्या कारागिराच्या हाती प्रथम अशाच कारखान्यांत आला. कोकणातून आणि देशावरून आलेले लोहार तेथे उभे राहून काम करण्यास शिकले, आणि नोकरी सुटल्यावर किंवा पेन्शनीत निघाल्यावर त्यांतले कित्येक आपापल्या गावी छोटे कारखाने घालून बसले. विलायती ऐरणीच्या कुशीवर तीन आकडे कोरलेले असत. पहिला हंड्रेडवेट, दुसरा त्याचे चतुर्थांश, तिसरा पौंड. १–२–१४ असे कोरले असेल तर ती ऐरण १८२ पौंडांची, म्हणजे सुमारे साडेब्याऐंशी किलोची. ज्याच्या दुकानात अशी ऐरण आहे त्याने हे आकडे एकदा खडूने घासून वाचावेत; त्याच्या दुकानाचा तो सर्वांत जुना कागद आहे.

यानंतरचा अध्याय लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी, हा क्रम मराठी वाचकाला ठाऊक आहे. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे आरंभी नांगर कोणी घेईना. पहिल्या महायुद्धात परदेशी बीड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातल्या जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनीही नांगरांचा कारखाना काढला. या उद्योगांनी काळी जमीन खोल नांगरली गेली, हरळी निघाली, शेतकऱ्याचे कष्ट कमी झाले. त्यांचे ऋण थोर आहे. पण एक भेद याच वेळी पडला, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. घडीव लोखंड ऐरणीवर पुन्हा तापवून, ओढून, सांधून नवे करता येते. बीड मोडले तर ते भट्टीत सांधत नाही, घणाखाली फुटते. ओतीव भागाचे अवजार मोडले की शेतकऱ्याला लोहाराकडे न जाता सुट्या भागासाठी दुकानात जावे लागू लागले, आणि सुगीला लोहाराचे धान्य बाजूला काढण्याचे कारण वर्षावर्षाने कमी होत गेले. बलुते कायद्याने मोडण्यापूर्वीच ते धातूच्या या गुणधर्माने आतून पोखरले होते, असे माझे मत आहे.

तरीही जुना सरंजाम नाहीसा झालेला नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर, जहाजे मोडणाऱ्या दारूखान्यात अजून ऐरणी, वाईस आणि पंखे विकावयास येतात, आणि नव्याने हे काम शिकू पाहणाऱ्याला ते नव्या मालापेक्षा पुष्कळदा चांगले ठरतात. घेताना रंगावर जाऊ नये. ऐरणीवर लहान हातोडी उंचावरून सोडावी. चांगल्या पोलादी तोंडावरून ती जोराने उसळते आणि आवाज घंटेसारखा निघतो, बिडाच्या ठोकळ्यावर ती मरगळून बसते. तोंडाच्या मध्यभागी पट्टी उभी ठेवून खळगा पाहावा, कडा तुटल्या आहेत काय ते पाहावे. थोडी तुटकी कड कामाला अडवीत नाही, पण सुटलेले तोंड दुरुस्त होणे कठीण. तोंडाची उगाच वेल्डिंग करून कानस मारणारे विक्रेते आहेत, त्यांच्यापासून दूर राहावे, कारण त्या उष्णतेने तोंडाचे पाणी उतरते आणि ऐरण मऊ पडते. वाईसचे आटे झिजले नाहीत ना, हे जबडा पूर्ण उघडून आणि मिटून पाहावे. पंख्याचे दाते आणि बुशी तेलाने धुऊन फिरवून पाहाव्यात. त्या बदलणे सोपे आहे, पाती तुटलेली असतील तर मात्र सोडून द्यावा. घणाचा दांडा बाभळीचा, उभ्या रेषेचा घ्यावा आणि पाचर ठोकल्यावर रात्रभर पाण्यात ठेवण्याचा मोह टाळावा. फुगलेले लाकूड वाळल्यावर अधिकच सैल होते.

तालुक्यातालुक्यांत आज जे वृद्ध लोहार उरले आहेत त्यांची मुले वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनच्या कामात आहेत, आणि घराच्या मागच्या पडवीत पडलेली ऐरण किलोच्या भावाने भंगारात जात आहे. जिल्ह्यांच्या वस्तुसंग्रहालयांत तलवारी आणि तोफा पुष्कळ आहेत, पण त्या ज्यावर घडल्या वा दुरुस्त झाल्या तो सरंजाम क्वचितच दिसतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, ग्रामपंचायतींनी आणि संग्रहालयांनी हा सरंजाम विकत घेऊन ठेवावा, आणि ज्याच्या घरी तो आहे त्याने तो काट्यावर घालण्याआधी एखाद्या शिकणाऱ्या मुलाला विचारावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.