बॅलोक्झाविर मार्बॉक्सिल

इन्फ्ल्यूएंझाच्या ए व बी विषाणूंवरील तोंडाने घ्यावयाचे औषध. जपानच्या शिओनोगी कंपनीने ते शोधले. 2018 मध्ये जपान व अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. ऑसेल्टामिविर हे आधीचे औषध नव्या विषाणूंची पेशीबाहेर पडण्याची वाट अडवते. बॅलोक्झाविर त्याआधीच घाव घालते. पेशीच्या आरएनएचे टोक तोडून स्वतःच्या आरएनएची जुळणी सुरू करण्यासाठी विषाणू जे एंडोन्यूक्लिएज विकर वापरतो, तेच ते निकामी करते. शरीरात दीर्घकाळ टिकत असल्याने सहसा एकच मात्रा पुरते. मात्र हे विकर ज्याचा भाग आहे, त्या पीए प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलले, तरी विषाणू औषधाला कमी दाद देतो. मुलांत असा बदल अधिक आढळला. रुग्णालयातील गंभीर रुग्णांना नेहमीच्या औषधाच्या जोडीने ते दिल्यावरही प्रकृती लक्षणीय लवकर सुधारली नाही, हा फ्लॅगस्टोन चाचणीचा निष्कर्ष निराशाजनक आहे. गंभीर इन्फ्ल्यूएंझावर खात्रीचा उपचार अद्याप हाती आलेला नाही.