साथ, कायदा आणि शिधा
मुंबई इलाख्यातील प्लेगच्या पार्श्वभूमीवर १८९७ साली साथरोग कायदा झाला. त्याच्या अवघ्या चार कलमांत सरकारचे अधिकार होते, शिक्षा होती, अधिकाऱ्यांना संरक्षण होते. घरात अडकलेल्यांच्या चुलीविषयी मात्र अक्षर नव्हते. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात हाच कायदा पुन्हा लागू झाला. दरम्यान २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क ठरला होता. टाळेबंदीतही रास्त भाव दुकाने उघडी राहिली. एप्रिलपासून लाभार्थ्यांना माणशी ५ किलो जादा धान्य मोफत जाहीर झाले. पण शिधापत्रिका गावी ठेवून शहरात आलेल्या मजुराचे काय? पत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी केंद्राने धान्य जाहीर केले ते १४ मे रोजी. तोवर अनेकांनी गावाची पायवाट धरली होती. साथीचा इतिहास लिहिताना हा विलंबही नोंदवायला हवा.