मागून येणाऱ्यांसाठी रस्ता

अंबरनाथ पश्चिमेला रिक्षावाल्याला नुसतं 'ऑर्डनन्स' म्हटलं तरी पुरतं. 1953 सालापासून त्या कारखान्यात सैन्यासाठी माल तयार होतो आणि कित्येक घरांत स्वयंपाकाची वेळ पाळीवरून ठरते. तुम्हीही अशाच एका घरातले. पाळी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगावं लागत नाही. म्हणूनच ही पाळी तुम्हाला दिली आहे.

8 एप्रिल 1948, सकाळचे अकरा. जागा जम्मूतली नौशेरा. तुम्ही 37 असॉल्ट फील्ड कंपनीतले सॅपर, म्हणजे रस्ते बांधणारे आणि सुरुंग काढणारे सैनिक, आहात आणि तुमचे साहेब आहेत सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. वय एकोणतीस. कारवारजवळच्या चेंडियेचे, पोलीस शिपायाचे चिरंजीव. 1940 साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधे रंगरूट म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढता लढता एकेक पायरी चढत जमादार झाले. अधिकारी होऊन चार महिनेही झालेले नाहीत.

फाळणीनंतर पाकिस्तानी हल्लेखोरांच्या ताब्यात गेलेली राजौरी परत घ्यायची आहे. रणगाडे तयार आहेत, पण वाटेत सुरुंग पेरलेत, झाडं आडवी टाकलीत, मोऱ्या उडवल्यात. तुमची तुकडी काम सुरू करायच्या बेतात असतानाच उखळी तोफांचा मारा होतो. दोन सोबती जागीच जातात, पाच जखमी होतात. त्या पाचांत साहेबही आहेत. ते मागे जात नाहीत. उरलेल्यांना गोळा करतात आणि कामाला लावतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा हाती घेतलेला वळणरस्ता दुपारी तीनला पुरा होतो. आता रणगाडे निघतात आणि साहेब सगळ्यात पुढच्या गाडीत चढतात. अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी पडलेली. उतरा, स्फोटकं लावा, उडवा. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी, आणि डोंगरावरून मशीनगन. तुम्ही जमिनीला चिकटता, पण साहेबांचं लक्ष मोरीला वळसा कुठून घालायचा याच्याकडे. सव्वासहाला उजेड संपतो. समोर पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग. त्यांना तेही आत्ताच करायचं आहे. रणगाड्यांचा अधिकारीच आजचं काम थांबवतो.

10 तारखेला पावणेपाचला पुन्हा सुरुवात. साडेसहाला ती पाच झाडं बाजूला. पुढच्या हजार यार्डांत अडथळ्यांची रांगच आहे, ती साडेदहापर्यंत मोकळी. रणगाडे तवी नदीच्या पात्रातून दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचतात. तुम्हाला वाटतं, सुटलो. पण रसद आणणाऱ्या गाड्या नदीतून जाऊ शकत नाहीत, त्यांना रस्ताच हवा. म्हणून विश्रांती नाही, जेवण नाही, रात्री नऊपर्यंत काम. 11 तारखेला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला होतो. साहेब म्हणतात, पुढचा राहिलाय. रात्री दहापर्यंत तो. 12 तारखेला सैन्य राजौरीत शिरतं.

याच दिवसांत, अंबरनाथच्या शेजारी, कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबं बराकींना पडदे लावून संसार मांडताहेत. त्या छावणीचं उल्हासनगर व्हायला अजून वर्षभराहून अधिक अवकाश आहे. बराकींतले ते संसार आणि हा रस्ता, दोन्ही एकाच फाळणीने घडवलेलं काम.

1950 साली राणेंना परमवीरचक्र जाहीर झालं. त्या मानपत्रात शत्रूचे किती मारले याचा आकडा नाही. आहेत त्या वेळा: इतक्या वाजता सुरू केलं, इतक्या वाजता मोकळं झालं. ऑर्डनन्समधल्या माणसाला ते पाळीच्या नोंदवहीसारखं वाटेल.

राणेंचं पुढचं आयुष्य तुम्ही झरझर ओलांडता. 1955 साली लग्न, मग चार मुलं, 1968 साली मेजर म्हणून निवृत्ती, 11 जुलै 1994 रोजी पुण्यात निधन. त्यांच्या नावाचं तेलवाहू जहाज समुद्रात फिरलं, 2023 साली अंदमानातल्या एका बेटालाही ते नाव मिळालं. पण परमवीरचक्रानंतर अठरा वर्षं ते नोकरीत राहिले आणि त्यातली तेरा संसार सांभाळून, हे मला त्या बेटाइतकंच मोठं वाटतं. पदक चार दिवसांच्या कामाचं होतं. सवय जन्माची होती.

आता परत या. तुमच्याही इमारतीत कुणी निवृत्त हवालदार किंवा सुभेदार असतील. भेटले की आपण विचारतो, "काका, लढाई पाहिलीत का?" ते "नाही" म्हणाले की आपला रस संपतो. त्याऐवजी विचारा, "काका, पलटणीत तुमचं काम काय होतं?" कुणी पूल बांधला असेल, कुणी तारा ओढल्या असतील, कुणी हजार माणसांची डाळ शिजवली असेल. आणि ते सांगायला लागले, की घड्याळाकडे बघू नका.