एका बाजूची दारं

वेल्समधल्या टॅलिलिन या छोट्या रेल्वेच्या डब्यांत एकाच बाजूनं चढता येतं. १८६६ मध्ये सरकारी तपासनिसाच्या ध्यानात आलं, की पुलांच्या कमानी फार अरुंद आहेत. मग एका बाजूची दारं कायमची बंद झाली, रूळही एका अंगाला सरकवले.

पाटीच्या दगडाची खाण १९४६ मध्ये बंद पडली. १९५० मध्ये मालक सर हेडन जोन्स वारले. गाडी भंगारातच जायची. पण टॉम रोल्ट या लेखकानं बर्मिंगहॅमला सभा बोलावली (लेखकही कधी कामाला येतात!) आणि १९५१ पासून स्वयंसेवक ती चालवू लागले. जगात असं प्रथमच घडलं. कॉरिस रेल्वेचा एक जुना डबा तर त्यांनी कुणाच्या बागेतून आणून दुरुस्त केला. हे सगळं सुटीच्या दिवशी, बिनपगारी! १८६० च्या दशकातले चारही मूळ डबे त्यांनी टिकवले, त्या बंद बाजूसकट.