स्पॅडायनाचा रस्ता आणि आमची बस

३१ मार्च १९६४ च्या रात्री बाबांनी मला दादर टी.टी.ला नेलं होतं. मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून सुटून तिथं यायची होती. मी तेव्हा बारा वर्षांचा. गर्दी इतकी की ट्राम मला दिसली ती लोकांच्या कोपरांमधून, अर्धीमुर्धी. कुणी हात हलवत होतं, कुणी डोळे पुसत होतं, आणि आमच्या चाळीतले एक काका म्हणत होते, "बरं झालं गेली, रस्ता तरी मोकळा होईल." रस्ता किती मोकळा झाला ते दादरला राहणाऱ्यांनाच विचारा!

फेब्रुवारी १९७५ मध्ये मी टोरांटोला उतरलो. खिशात मोजके डॉलर आणि अंगात पुण्याहून घेतलेला, इथल्या थंडीला मुळीच न पुरणारा कोट. दुसऱ्याच दिवशी बॅथर्स्ट रस्त्यावर उभा असताना बर्फातून खडखडत एक तांबडी-पांढरी ट्राम आली. मी बघतच राहिलो. मुंबईनं अकरा वर्षांपूर्वी मोडीत काढलेली गोष्ट या श्रीमंत देशात अजून चालते कशी? इथं तिला स्ट्रीटकार म्हणतात हे नंतर कळलं. ती टिकली कशी हे कळायला आणखी थोडा वेळ लागला, आणि ते मला सांगितलं माझ्या घरमालकिणीनं.

अ‍ॅनेक्स भागात त्या बाईंच्या जुन्या विटांच्या घरात वरची एक खोली मी भाड्यानं घेतली होती. बाई हंगेरियन, १९५६ च्या उठावानंतर नवऱ्याबरोबर इथं आलेल्या, आता एकट्या. वयानं माझ्या आजीएवढ्या, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणत असे. एका रविवारी कॉफी पिताना त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "इथून गाड्या जाणार होत्या. तू बसला आहेस ना, तिथून." मला वाटलं, भाषेचा घोटाळा झाला. पण त्या अक्षरशः खरं सांगत होत्या.

गोष्ट सुरू होते १९५३ मध्ये. त्या साली ऑंटारिओ सरकारनं टोरांटो शहर आणि भोवतालच्या बारा गावांची मिळून 'मेट्रो' नावाची एक वरची पालिका स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष फ्रेडरिक गार्डिनर, मोठे धडाकेबाज गृहस्थ. तळ्याकाठच्या ज्या उंच रस्त्यावर आपण सगळे रोज अडकतो त्याला त्यांचंच नाव आहे. युद्धानंतर उपनगरं भराभर वाढत होती, घरटी मोटार येत होती, आणि उत्तर अमेरिकेतल्या प्रत्येक शहराप्रमाणे इथल्या नियोजकांनीही नकाशावर जाड रेघा ओढल्या होत्या. त्यातली एक रेघ म्हणजे स्पॅडायना एक्स्प्रेसवे. ४०१ हायवेपासून निघायचं, सीडरवेलच्या हिरव्या दरीतून खाली यायचं आणि अ‍ॅनेक्स चिरत थेट शहराच्या मध्यभागी जायचं. (उच्चार 'स्पॅडायना' की 'स्पॅडिना' यावर इथले जुने लोक अजून वाद घालतात. मूळ शब्द ओजिब्वे भाषेतला, टेकडी या अर्थाचा. म्हणजे दोन्ही उच्चार साहेबाचेच.)

१९६२ च्या सुमारास मेट्रो कौन्सिलनं योजना मंजूर केली. उपनगरांच्या प्रतिनिधींना हा रस्ता हवाच होता. १९६४ मध्ये यॉर्कडेल मॉल उघडला तोही या रस्त्याच्या भरवशावर. पण १९६९ पर्यंत रस्ता जेमतेम लॉरेन्स अ‍ॅव्हेन्यूपर्यंत पोचला आणि मंजूर पैसे संपत आले. मेट्रोला आणखी पैसे मागावे लागले. विरोधकांना फट सापडली ती इथे.

तोपर्यंत विरोध म्हणजे रस्त्यात घरं जाणाऱ्यांची कुरकुर, असंच सगळे धरून चालले होते. १९६९ च्या शरदात 'स्पॅडायना थांबवा, आपलं शहर वाचवा' अशा अर्थाच्या लांबलचक नावाची समिती उभी राहिली. त्यात प्राध्यापक होते, विद्यार्थी होते, दुकानदार होते, आणि आमच्या आजींसारख्या मोडकं इंग्रजी बोलणाऱ्या बायकाही होत्या. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कहून एक लेखिका इथं राहायला आल्या होत्या, जेन जेकब्ज. १९६१ च्या त्यांच्या पुस्तकानं अमेरिकेतल्या नगररचनाकारांची झोप उडवली होती आणि मॅनहॅटनमधून जाणाऱ्या एक्स्प्रेसवेविरुद्धही त्या लढल्या होत्या. मुलांना व्हिएतनामच्या लढाईत जावं लागू नये म्हणून त्यांनी देश सोडला, तर इथं स्पॅडायना रोडवर घेतलेलं बिऱ्हाड नेमकं नव्या एक्स्प्रेसवेच्या वाटेवर! त्यांनी आणि मार्शल मॅक्लुहान यांनी मिळून १९७० मध्ये या विषयावर एक छोटा चित्रपटही केला.

आजींना पुस्तकं वगैरे ठाऊक नव्हती. "बुडापेस्टमध्ये रणगाडे आले तेव्हा कुणी विचारलं नाही," त्या म्हणायच्या. "इथं निदान सभा होती. मी गेले." सभेत त्या काय बोलल्या असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "काही नाही. पुढच्या रांगेत बसले. बाहेरचा कोटही काढला नाही."

प्रकरण ऑंटारिओ म्युनिसिपल बोर्डाकडे गेलं. पालिकांच्या अशा निर्णयांवर तेव्हा हेच मंडळ निवाडा करत असे. विरोधकांची बाजू जे. जे. रॉबिनेट या नामांकित वकिलांनी मांडली. फेब्रुवारी १९७१ मध्ये निकाल लागला तो दोन विरुद्ध एक असा, रस्त्याच्या बाजूनं. विरुद्ध मत देणारे स्वतः बोर्डाचे अध्यक्ष होते ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हरलेल्यांना वरती दाद मागायला त्यानं बळ दिलं. अपील प्रांताच्या मंत्रिमंडळाकडे गेलं. बिल डेव्हिस नुकतेच प्रीमियर झाले होते आणि निवडणूक तोंडावर होती. ३ जून १९७१ रोजी त्यांनी विधानसभेत सांगितलं की सरकार या रस्त्याला पाठिंबा देणार नाही. वाहतूक मोटारींसाठी उभारायची की माणसांसाठी, असा सरळ प्रश्न त्यांनी घातला होता. हा सद्विचार होता की मतांचा हिशेब, यावर इतिहासकार खुशाल भांडोत. माझ्या मते दोन्ही होतं, आणि राजकारणात याहून चांगलं काही सहसा मिळत नाही.

पुढची दोन वर्षं म्हणजे या शहराचा वसंतच. ट्रान्झिट कमिशनचा बेत १९८० पर्यंत सगळ्या स्ट्रीटकार बंद करायचा होता. स्पॅडायनानं धीर आलेल्या काही तरुण मंडळींनी समिती काढली, नगरसेवक गाठले आणि आकडे मांडले: एका स्ट्रीटकारीत बसपेक्षा जास्त माणसं मावतात, म्हणजे तेवढ्याच माणसांना बसचालक जास्त लागणार, आणि गाड्यांत अजून जीव आहे. नोव्हेंबर १९७२ मध्ये कमिशननं आपलाच निर्णय फिरवला. बॅथर्स्टवर मला दिसलेली ती ट्राम अशी वाचली होती. दादरला आम्ही डोळे पुसले. आकडे घेऊन कुणाकडे जायचं असतं, हे आमच्या गर्दीत कुणाला सुचलंच नव्हतं.

त्याच सुमारास डेव्हिड क्रॉम्बी महापौर झाले. त्यांच्या कौन्सिलनं १९७३ मध्ये मध्यवस्तीतल्या नव्या इमारतींवर ४५ फूट उंचीची तात्पुरती मर्यादा घातली आणि १९७६ च्या आराखड्यात मध्यवस्तीत कचेऱ्यांबरोबर घरंही हवीत असं धोरण आणलं. आज त्या भागात रात्री नऊनंतरही माणसं दिसतात त्याचं बरंचसं श्रेय या धोरणाला जातं. एक्स्प्रेसवेसाठी ठेवलेल्या पट्ट्यातून २८ जानेवारी १९७८ ला सबवे सुरू झाली. तिचा उत्तरेकडचा भाग अर्धवट राहिलेल्या त्या रस्त्याच्या, म्हणजे अ‍ॅलन रोडच्या, मधोमध धावतो. एग्लिंटनला तो रस्ता अचानक संपतो आणि मोटारी तिथं अजून तुंबतात. रस्ता पुन्हा पुढे सरकू नये म्हणून तिथली तीन फूट रुंदीची जमिनीची पट्टी शहराच्या ताब्यात देण्याचा बंदोबस्त डेव्हिस यांनी १९८५ मध्ये पायउतार होताना केला. सबंध एक्स्प्रेसवे तीन फुटांत अडवला. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो.

इथपर्यंतची गोष्ट इथं सगळे अभिमानानं सांगतात. पण मंडळी, आपल्यातले बहुतेक जण त्या वाचलेल्या शहरात राहत नाहीत.

लग्न झालं, मुलगी झाली, आणि १९८२ मध्ये आम्ही स्कारबरोत घर घेतलं. अ‍ॅनेक्समधली घरं तोवर हाताबाहेर गेली होती. वाचलेल्या वस्तीची किंमत वाढते हे गणित आम्हाला उशिरा कळलं. १९६७ नंतर गुणांच्या पद्धतीनं आलेली आपल्यासारखी हजारो कुटुंबं अशीच पूर्वेला आणि पश्चिमेला पांगली. स्कारबरोची रचना मोटारीसाठी केलेली: मोठे रस्ते रुंद, उत्तरेकडे जाल तसे एकमेकांपासून दोन-दोन किलोमीटर दूर, घरांच्या पाठी त्या रस्त्यांकडे, आणि आतल्या गल्ल्या जिलबीसारख्या. बसथांबा नकाशावर जवळ दिसतो, पायी गेलं की कळतं. आमची ही शहरात एका बँकेत कामाला होती. पहाटे अंधारात निघायची, एक बस, मग दुसरी, मग सबवे. उणे वीस अंशात थांब्यावर उभं राहून आल्यावर तिच्या बोटांना अर्धा तास रंग नसायचा.

मार्च १९८५ मध्ये स्कारबरो आर.टी. सुरू झाली तेव्हा आम्ही तिघं मुद्दाम फेरी मारून आलो. खरं तर तिथं साधी स्ट्रीटकारच धावायची होती. प्रांत सरकारला आपलं नवं तंत्रज्ञान जगाला दाखवायचं होतं, म्हणून ऐन वेळी ही चिमुकली गाडी आली. छान होती, पण बर्फ पडला की रुसायची. पुढे नवे आराखडे येत राहिले. एग्लिंटनला १९९४ मध्ये सबवेचं भुयार खणायला घेतलं आणि १९९५ मध्ये सरकार बदलल्यावर तो खड्डा बुजवला. अ‍ॅलन रोड जिथं संपतो तिथंच! १९९८ मध्ये प्रांतानं सगळी उपनगरं टोरांटोत विलीन केली, आधीच्या मतदानात लोकांनी ठाम नकार दिलेला असताना. २००७ मध्ये महापौर डेव्हिड मिलर यांच्या काळात 'ट्रान्झिट सिटी' आली, म्हणजे उपनगरांत एलआरटीचं जाळं. २०१० मध्ये नव्या महापौरांनी, रॉब फोर्ड यांनी, पहिल्याच दिवशी ती संपल्याचं जाहीर केलं. २०१२ मध्ये कौन्सिलनं त्यांना डावलून ती बरीचशी पुन्हा आणली.

मग २०१३ चा वाद: आर.टी.च्या जागी सात स्थानकांची एलआरटी, की कमी स्थानकांची सबवे? हा वाद आमच्या स्वयंपाकघरातही झाला. मी एलआरटीच्या बाजूनं: पैसे प्रांत देणार, थांबे जास्त, लोकांच्या घराजवळ. ही म्हणाली, "अहो, तीस वर्षं उभी राहिले मी त्या थांब्यावर. डाउनटाउनच्या लोकांना जमिनीखालून ऊबदार गाडी, आणि आपल्याला म्हणे ट्राम! आकडे तुमचे, गारठलेली मी." तिला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तरी मी गेलो. सिटी हॉलमध्ये एका समितीसमोर नागरिकांना काही मिनिटं बोलता येतं. अडतीस वर्षांत मी पहिल्यांदाच तिथं गेलो होतो, तोही निवृत्त झाल्यावर. आपल्या मंडळाचं सभागृह ठरवताना "पार्किंग किती?" हा पहिला प्रश्न विचारणारे आपण, कौन्सिलच्या सभेला कधी गेलोच नव्हतो. मला आजींची आठवण झाली आणि मीही कोट काढला नाही. बोलताना घसा कोरडा पडला. दादरच्या ट्रामचं सांगायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. एक नगरसेवक फोनमध्ये बघत होते, एका नगरसेविकेनं मात्र टिपण घेतलं. ८ ऑक्टोबर २०१३ ला सभागृहात २४ विरुद्ध २० मतांनी सबवे ठरली आणि तिच्यासाठी मालमत्ता कर तीन वर्षांत १.६ टक्के वाढवायचंही ठरलं. तेव्हा ही म्हणाली, "जिंकले मी. आता येऊ द्या गाडी."

२०१६ मध्ये तिची तीन स्थानकं कापून एक केली. २०१९ मध्ये प्रांतानं काम ताब्यात घेऊन पुन्हा तीन केली. २४ जुलै २०२३ च्या संध्याकाळी आर.टी.चा शेवटचा डबा एल्समिअर स्थानकाजवळ सुटून रुळावरून घसरला. काही जणांना दुखापत झाली. थोड्या महिन्यांत बंद होणारच होती ती गाडी, त्या दिवसानंतर पुन्हा धावलीच नाही. सबवेचं काम अजून चालू आहे.

मागच्या जानेवारीत हिच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही दोघं शहरात निघालो. मी आता रात्री गाडी चालवत नाही, आणि परतायला अंधार होणार होता. थांब्यावर वारा बोचत होता. मी हळूच म्हणालो, "एलआरटी असती तर..." हिनं मफलर नाकापर्यंत ओढला आणि म्हणाली, "सबवे असती तर." मग दोघंही गप्प राहून बस येते का ते बघत राहिलो.