दीपमाळ उजळणारे हात

जुन्या वास्तूवर प्रकाशाचा खेळ म्हटलं, की आपल्याला ते शहरातलं, महागडं काम वाटतं. पण दगड उजेडानं सजवायची कला आपल्याच देवळापुढं उभी आहे. ती म्हणजे दीपमाळ.

खाली रुंद, वर निमुळता होत जाणारा दगडी खांब. चहूबाजूंनी दगडाचेच हात काढलेले, त्यांवर पणत्या ठेवायच्या. जेजुरीला खंडोबाच्या पायऱ्या चढताना अशा कितीतरी दीपमाळा लागतात. कित्येक भक्तांनी त्या नवस फेडायला बांधल्या. काहींवर बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं सापडतं. पण त्रिपुरी पौर्णिमेसाठी घरोघरी वाती वळणाऱ्या बायकांची नावं कुणी लिहिली?

वीज आल्यावर वास्तू उजळायची रीत बदलली. फ्रान्समध्ये १९५२ साली शांबोरच्या राजवाड्यावर दिव्यांचे झोत सोडून, आवाजाच्या साथीनं त्याची कहाणी सांगितली गेली. पुढं दिल्लीच्या लाल किल्ल्यातही असे खेळ झाले.

झोत लांबून पडतो आणि दीपमाळेत पणतीची जागा बांधतानाच ठेवलेली असते. दोन्हींत दगडाला धक्का लागत नाही. म्हणून त्रिपुरीला आपण दीपमाळ उजळू, तेव्हा विजेच्या माळांसाठी खिळे ठोकायचे नाहीत, ऑइलपेंट फासायचा नाही. वास्तू संरक्षित असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यायची.

आणि वाती वळणाऱ्या प्रत्येकीचं नाव गटाच्या वहीत लिहायचं. तोही आपल्या गावचा इतिहासच आहे.