बसऱ्याचं घड्याळ

आमच्या घरात ‘बसऱ्याचं घड्याळ’ म्हटलं की कुठल्या घड्याळाबद्दल बोलणं चाललंय ते विचारावं लागत नसे. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले, बसऱ्याला उतरले आणि परत आले ते मनगटावर वेस्ट एन्ड वॉच कंपनीचं घड्याळ बांधून. ही गोष्ट मी वडिलांकडून, मोठ्या काकांकडून आणि आत्याकडून वेगवेगळी ऐकली आहे. आत्या म्हणते, गोऱ्या साहेबानं खूश होऊन दिलं. काका म्हणायचे, साहेब कशाला देतोय, साठलेल्या पगारातून मुंबईत घेतलं. वडील यावर काही बोलत नसत. ते घड्याळाला चावी देत आणि शर्टाच्या बाहीला काच पुसत. ते गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आलं, तेव्हा बंद होतं.

काकांची बाजू मला पहिल्यापासून पटायची. वेस्ट एन्डचा माल स्विस असला तरी बाजारपेठ हिंदुस्थानची होती. मुंबई आणि कलकत्ता ही तिची मुख्य ठाणी. कंपनीनं नाव घेतलं ते लंडनच्या उच्चभ्रू वस्तीचं. ‘सोवार’ हे तिचं मॉडेल हिंदी फौजेतल्या शिपायांत चांगलंच माहीत होतं. मेसोपोटेमियात पहिल्यांदा उतरलेल्या फौजेत सहावी म्हणजे पूना डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या पलटणी होत्या. पुढे कुत-अल-अमाराला जो वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं शरणागती पत्करावी लागली, त्यात हेच लोक अडकले. तेव्हा साताऱ्याकडचा एखादा शिपाई घड्याळ घेऊन परतला, यात अशक्य काहीच नव्हतं.

रविवार पेठेतल्या ज्या घड्याळजींकडे मी गेले, त्यांनी माझी ही सगळी कहाणी शांतपणे ऐकून घेतली. मग आयग्लास डोळ्याला लावला, चाकूचं पातं फटीत सरकवलं आणि मागचं कव्हर उघडलं.

‘‘ताई, हे पहिल्या महायुद्धातलं नाही.’’

मला आयग्लास देऊन त्यांनी बॅलन्स व्हीलच्या मधोमध बघायला सांगितलं. तिथे लालसर खड्यावर एक सोनेरी, वीणेच्या आकाराची इवलीशी स्प्रिंग होती. ती इन्काब्लॉकची. घड्याळ हातून पडलं तर धक्क्यानं खडा किंचित सरकतो आणि पुन्हा जागेवर बसतो, म्हणून बॅलन्सच्या आसाची केसाहून बारीक टोकं मोडत नाहीत. ही पद्धत स्वित्झर्लंडमध्ये आली १९३३-३४ च्या सुमारास. महायुद्धाच्या काळात ती कुठून असणार? शिवाय तेव्हाच्या मनगटी घड्याळांना पट्टा अडकवायला बहुधा तारेच्या कड्या डाग देऊन जोडलेल्या असत, डायल बऱ्याचदा मिन्याचं असे. याला सरळ घडवलेले कान आहेत, डायल धातूचं. कव्हरवर फ्रेंचमध्ये लिहिलंय की मागची बाजू स्टेनलेस स्टीलची आहे. म्हणजे बाकीची केस स्टीलची नाही. पितळेवर क्रोम, आणि कानांच्या कडांना क्रोम उडून पिवळेपणा दिसतोच.

मग त्यांनी बॅलन्सखालची प्लेट दाखवली. तिथे एका ढालीच्या चिन्हात ‘ए एस’ ही अक्षरं आणि शेजारी आकडा. ए. शिल्ड, ग्रेन्शेन गावातला मोठा मशीन-कारखाना. डायलवरचं नाव ज्यानं विकलं त्याचं असतं. सुटे भाग मिळवायचे असतील तर उपयोगी पडतो हा आकडा. वारशानं आलेलं घड्याळ ज्यांच्या कपाटात पडून आहे त्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण दुकानदार डायल बघून भाव सांगतो आणि आपण डायल बघून वंशावळ मांडतो.

पण मला सर्वांत जास्त गुंतवलं ते कव्हरच्या आतल्या बाजूनं. तिथे सुईच्या टोकानं कोरलेल्या बारीक खुणा होत्या. कुठे आद्याक्षरं, कुठे आकडे, तीन-चार वेगवेगळ्या हातांच्या. दुरुस्ती करणारे आपली निशाणी अशी आत ठेवतात. घड्याळ परत आलं तर कधी, कोणी उघडलं होतं ते कळावं म्हणून. त्यातली एक स्पष्ट होती. ८-६१.

पुण्याच्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचंही गेलं, आणि नदीकाठच्या पेठांत वाड्यांच्या वरच्या मजल्यांपर्यंत पाणी चढलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. अजूनही आमच्याकडे लग्नं, बारशी ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशीच मोजली जातात.

मी आत्याला फोन केला. इन्काब्लॉकचं सांगितलं, मग ८-६१ चं. ती बराच वेळ गप्प होती.

‘‘अगं, घड्याळं दोन होती की,’’ ती म्हणाली. ‘‘बसऱ्याचं आजोबांचं होतं, ते ट्रंकेत असायचं. ट्रंक गेली पुरात. हे तर आमच्या बाबांचं.’’

बाबा, म्हणजे माझे आजोबा, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. हिंदुस्थान मशीन टूल्सची घड्याळं १९६१ मध्ये बंगलोरला बनायला लागली. त्याआधी साध्या नोकरदाराला मनगटी घड्याळ घ्यायचं तर बहुतेक विलायतीच घ्यावं लागे. आजोबांनी वेस्ट एन्डच घेतलं, कारण वडिलांकडे तेच होतं. पुराच्या दिवशी त्यांची दुसरी पाळी, म्हणून ते घरी होते. नारायण पेठेतल्या वाड्यात छातीएवढ्या पाण्यातून त्यांनी आजीला आणि मुलांना शेजारच्या माडीवर नेलं. आत्या तेव्हा नऊ वर्षांची. गॅलरीत उभे राहून बाबा सारखे मनगट कानाशी नेत होते, हे तिला लख्ख आठवतं. ट्रंकेसाठी परत जायचं म्हणत होते आणि आजीनं त्यांचं धोतर धरून ठेवलं होतं.

गेलेल्या घड्याळाची गोष्ट उरलेल्या घड्याळाला येऊन चिकटली. कोणी खोटं बोललं नव्हतं. ट्रंकेबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरल्यासारखं झालं असावं, आणि मग बसरा ठेवायला दुसरी जागा नव्हती.

मशीन सुटं झाल्यावर पुराची साक्ष आणखी मिळाली. डायलखाली, चावीची दांडी जिथे आत शिरते तिथल्या भागांवर गंजाचे काळे खड्डे होते; कोणीतरी त्या वेळी ते घासून, तेल लावून पुढचा गंज थोपवला होता. डायलही मूळचं नाही. ‘वेस्ट एन्ड’ची अक्षरं डावीकडे किंचित चढलेली, मिनिटांच्या रेघा जाड, आणि सहाच्या आकड्याखाली असायला हवी ती ‘स्विस मेड’ची ओळ गायब. घड्याळजी म्हणाले, हे मुंबईचं काम. डाग पडलेली डायलं तिकडे पाठवून नव्यानं रंगवून घ्यायची पद्धत होती, अजून आहे. संग्राहक अशा डायलांना नाकं मुरडतात, आणि विकत घेणाऱ्यानं सावध राहावं हे बरोबरच आहे. पण हे डायल फसवायला रंगवलेलं नव्हतं. पुरानं घर धुऊन नेलेल्या माणसाला पाळीवर वेळेवर पोचायचं होतं. नवं, ‘अस्सल’ दिसणारं डायल बसवू का असं विचारल्यावर मी ठाम नाही म्हटलं.

काट्यांचं मात्र काळजीचं होतं. त्यांच्या पोकळीत तपकिरी पडलेला मसाला भरलेला आहे. रात्रपाळीला आजोबा त्याच उजेडात वेळ बघत. तो रेडियम असणार. चमक गेली कारण त्यातलं झिंक सल्फाइड थकलं, रेडियम थकलेलं नाही. ते निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. काचेखाली आहे तोवर घाबरायचं कारण नाही, पण तो मसाला खरवडायचा नाही, त्यावर फुंकर मारायची नाही, त्याची पूड नाकातोंडात जाऊ द्यायची नाही. घड्याळजींनी काटे उतरवून लगेच पाकिटात बंद केले. हौसेनं घरी घड्याळ उघडणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं.

बाकी काम संथ आणि सुंदर होतं. आधी स्प्रिंगचा ताण सोडायचा, मग बॅलन्स, मग एकेक चाक. जुनं तेल सुकून पिवळट लाखेसारखं झालं होतं. घड्याळ त्यानंच अडलं होतं, मोडलं काहीच नव्हतं. खड्यांची भोकं लाकडी काडीच्या टोकानं साफ झाली, मरगळलेली निळी स्प्रिंग बदलली, प्रत्येक खड्याला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल. तासाला १८,००० ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,००० वेळा बॅलन्सचं चाक झोका घेणार; तेल कमी झालं तर आस झिजतो, जास्त झालं तर पसरतं. आता दिवसाला वीसेक सेकंद पुढे जातं. त्याहून ताणू नका, म्हणाले, आणि मीही आग्रह धरला नाही.

आता मला खऱ्या बसऱ्याच्या घड्याळाचा माग काढायचा आहे. घड्याळ मिळणार नाही, पण पणजोबांचा डिस्चार्जचा कागद गावाकडे चुलत्यांच्या कपाटात असल्याचं आत्या सांगते. त्यावर पलटणीचा नंबर असेल. १९२२ मध्ये सगळे जुने नंबर बदलले, पण त्यांच्या कागदावर जुनाच असणार. ११० असेल तर ते कुतच्या वेढ्यातल्या पलटणीचे. ११४ असेल तर त्या पलटणीचं मेसोपोटेमियातलं युद्ध नंतरचं, आणि मग काकांचं ‘साठलेल्या पगारातून’ हे जास्त खरं. दिवाळीनंतर जाणार आहे. आत्याही येते म्हणतेय.